उकळलेले जंतू

डॉक्टरांनी पोटासाठी दिलेल्या जिवंत जंतूंच्या पुड्या मी दुधात घालून खळखळ उकळल्या आणि प्यायले. एकदा चुकून नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, मन लावून. वर त्या डॉक्टरांनाच नावं ठेवत राहिले, की या माणसाच्या औषधाला गुण नाही.

आता माझी मोठी नात फ्रीजमधून इवलीशी बाटली काढून आंबटगोड काहीतरी पिते आणि मला समजावते, "आजी, हे प्रोबायोटिक आहे. आतड्यांना चांगलं असतं." मी मान डोलावते. ती आईच्या पोटात होती तेव्हा तिच्या आजीने हेच चांगलं औषध गॅसवर चढवलं होतं, हे तिला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते. तेव्हाच्या त्या बाईची मला आता काडीची दया येत नाही, त्यामुळे सोपं जाईल.

नव्वद सालच्या आगेमागे मला टायफॉईड झाला. पनवेलच्या स्टँडजवळ बर्फ घातलेला उसाचा रस प्यायले होते, नवरा नको नको म्हणत असताना. मग ताप अंगावर काढला, कारण घरात पाहुणे होते आणि पाहुण्यांसमोर आजारी पडणं मला कमीपणाचं वाटे. आतड्याला भोक पडेपर्यंत मी त्यांना पुरणपोळ्या वाढत होते. मग मुंबईला नेऊन पोट उघडावं लागलं. शुद्धीवर आले तर पोटाच्या उजव्या अंगाला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. काही महिने शौच तिथूनच होणार, जखम भरली की पुन्हा ऑपरेशन करून आतडं आत जोडणार. पिशवी भरली की खालचा चिमटा काढायचा, रिकामी करायची, धुवायची, चिमटा लावायचा. काम भांडी घासण्याहून अवघड नव्हतं. पण मी ते असं लपवलं की जणू पोटावर चोरीचा माल बांधलाय.

आणि उकळायला लागले. दूषित पाण्याने हे झालं म्हणून पाणी उकळलं, इथपर्यंत ठीक. पुढे मी चमचे उकळले, हातरुमाल उकळले, कोथिंबीर उकळली. उकळलेली कोथिंबीर कशी लागते ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो म्हणायचा, "मला एवढं सांग, मी घरात येताना कपडे काढून पातेल्यात बसायचं की नुसते पाय बुडवले तरी चालेल?" मी त्याच्याशी बोलत नसे. अडाण्यांशी काय बोलायचं.

अडाणी माझ्या मते बरेच होते. त्यात सगळ्यात वरचा नंबर माझ्या विहिणीचा. ती उरणजवळच्या करंजा बंदरातली. घरच्या दोन होड्या, अंगावर ठसठशीत सोनं, आणि बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायला लागली की पलीकडच्या होडीतला माणूस दचकायचा. घरात तिचा शब्द शेवटचा. आमचं मूळही तिकडचंच. पण माझे वडील पनवेलला येऊन राहिले, मी शाळेत गेले आणि 'आम्ही-तुम्ही' स्वच्छ म्हणायला शिकले. विहीण 'आमी-तुमी' म्हणायची. तेवढ्या एका 'ह'च्या जोरावर मी स्वतःला तिच्याहून शहाणी समजत असे.

त्याच सुमाराला लेकीला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. पण विहिणीचा निरोप आला: "तुमचंच दुखणं चाललंय, तिथं पोरीचं कोण बघणार? मी येऊन बघते, मग ठरवते." लेकीचा वेगळा फोन आला, शेजारच्यांकडे. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मला तिकडेच यायचंय. त्यांच्यासमोर नीट राहा गं." नीट राहा. म्हणजे धडधाकट दिस. लेक पहिल्यांदा बाळंत होणार आणि मी तिच्या उशाशी नसणार, या विचाराने मी रात्री उठून बसायची. तेवढं एक दुःख माझं खरं होतं. बाकी सगळी नाटकं.

नेमका त्याच वेळी खोकला झाला, छाती भरली आणि अँटिबायोटिक सुरू झालं. पिशवीत नुसतं पाणी. भरली की ओत, ओतली की भरली. पिशवीच्या कडेची कातडी सोलवटली. घशाला कोरड. सल्ला द्यायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. एकीने बेलाचा मुरंबा आणला, दुसरीने डाळिंबाची साल आणली आणि दोघींनी जाताना वाकून वाकून माझ्या पोटाकडे बघितलं. औषध कमी, दर्शन जास्त.

डॉक्टरांनी पुड्या दिल्या. म्हणाले, "अँटिबायोटिकने वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात. हे चांगले जंतू आहेत, जिवंत. काहींना फायदा होतो, काहींना नाही होत. बघू. मीठ-साखरेचं पाणी मात्र सोडू नका, आणि जेवण चुकवू नका."

मी ऐकलं फक्त 'जंतू'. चांगले म्हणे. टायफॉईडचे जंतूही स्वतःला चांगलेच समजत असणार. घरी येऊन नेरे गावच्या दूधवाल्याचं घट्ट दूध पातेल्यात ओतलं, पुडी टाकली आणि तीनदा वर येऊ दिलं. जंतू पोटात जाणार तर निदान उकळून जावेत. या विचाराने मला त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं, तेही नोंदवून ठेवते.

यातली खरी लाज पुढे आहे. आमच्या गल्लीत माझं दही प्रसिद्ध होतं. सुरीने कापावं असं. चार घरच्या बायका माझ्याकडून विरजण न्यायच्या, आणि कुणाचं दही लागलं नाही तर मी कपाळाला आठ्या घालून विचारायची, "दूध गरम होतं ना?" वीस-बावीस वर्षं मी करंगळी बुडवून दुधाचा कोमटपणा बघत आले होते. त्याच करंगळीची मालकीण शेजारच्या बर्नरवर जंतू उकळत होती.

विहीण येणार त्या दिवसासाठी मी अक्कल चालवली. आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. पोट रिकामं तर पिशवी रिकामी, असा माझा हिशेब. रिकाम्या आतड्यात वारा भरतो आणि तो गुरगुरतो, हे आतड्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. वर ठेवणीतली कांजिवरम नेसले, कारण जाड कापडाखाली काही दिसत नाही. उन्हाळ्यात.

विहीण आली. सुक्या बोंबलांची जुडी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली, माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाली, "कुठं लग्न हाय का?"

"नाही हो, विहीणबाई. घरात अशीच असते मी."

तेवढ्यात माझं पोट बोललं. लहान नाही, चांगलं लांबलचक. मी खोकले. पोट पुन्हा बोललं. मी खुर्ची सरकवली. विहीण शांतपणे चहा फुंकत म्हणाली, "खुर्चीला तेल घाला." पलीकडे नवरा वर्तमानपत्रामागे गेला आणि ते वर्तमानपत्र बराच वेळ हलत होतं.

पुडीची वेळ झाली, म्हणून मी सुटका झाल्यासारखी स्वयंपाकघरात गेले. विहीण मागोमाग. मी दूध चढवलं, पुडी फाडून आत टाकली, गॅस मोठा केला. आणि मागच्या दाराशी शेजारच्या भाभी वाटी घेऊन उभ्या. त्यांचे मिस्टर मस्कतला, सासू दह्याशिवाय जेवत नसे.

"ताई, थोडं विरजण द्या ना. कालचं जमलंच नाही. नुसतं पाणी, सासूबाईंनी तोंड फिरवलं."

"दूध गरम होतं ना?"

"थोडं गरम होतं. घाई होती."

मग मी सुरू झाले. विहीण बघतेय म्हटल्यावर जरा जास्तच. एका हाताने पातेलं ढवळत होते आणि दुसऱ्या हाताने भाभींना शिकवत होते. "भाभी, किती वेळा सांगायचं. विरजणात जीव असतो. गरम दुधात घातलं की मरतो. मग रात्रभर झाकून ठेवा नाहीतर आठवडाभर, काही व्हायचं नाही त्याचं. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या बाईला कळू नये म्हणजे कमाल आहे."

भाभी बिचाऱ्या "हो ताई, हो ताई" करत वाटी घेऊन गेल्या. मागे पातेल्यात दूध वर आलं. मी गॅस बारीक केला.

विहीण ओट्याला टेकून उभी होती. "त्या पुडीत काय हाय?"

"औषध. डॉक्टरांनी दिलंय. जंतू असतात त्यात."

"मेलेले की जिवंत?"

"जिवंत. जिवंतच लागतात, त्याशिवाय..."

विहीण पातेल्याकडे बघत होती. मीही बघितलं. दूध पुन्हा वर आलं, साय फाटली, आणि यावेळी ते ओट्यावरून खाली जाईपर्यंत मी गॅस बंद केला नाही.

विहीण हसली. माझ्या नवऱ्यासारखी तोंड लपवून नाही. ओट्यावर हात मारून, बांगड्या वाजवत, लिलावातल्या आवाजात. भाभींच्या सासूलाही ऐकू गेलं असणार. "मघाशी त्या बाईला काय शिकवलंत, ते पुन्हा एकदा सांगा की. मनापासून ऐकते."

मी रडायला लागले. आणि रडताना अंग हललं, कांजिवरमखाली पिशवीचा चिमटा दाबला जाऊन सुटला, आणि जे लपवायला एवढा खटाटोप केला ते निऱ्यांवर पसरलं. रिकाम्या पोटाचा हिशेब तिथेच चुकता झाला.

मला वाटलं, संपलं. पोरगी आता करंज्यालाच राहणार.

विहिणीने मला धरून न्हाणीत नेलं. लुगडं ओढून बाजूला टाकलं आणि म्हणाली, "बघू." मी नको म्हणत होते. "दाखवा हो, मी रोज काय बघते ते तुमाला ठावं नाय का?" पिशवी निघाली. ती वाकली. बंदरावर मासा उचलून बघावा तसं माझं आतडं बघितलं. "कल्ल्यासारखं लाल हाय. म्हणजे ताजं हाय. बाजूची कातडी तेवढी खराब झालीय." आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बरंवाईट म्हटलं, पण ताजी कुणी म्हटलं नव्हतं.

मग तिने माझ्याकडूनच पिशवी बदलून घेतली, चिमटा कसा बसतो ते स्वतः लावून पाहिलं, गार पाण्यात एक पुडी ढवळून माझ्या हातात दिली आणि समोर बसून मला भात जेवायला लावला. माझं 'आम्ही-तुम्ही' मी पानातच गिळलं.

पुढे पिशवीतलं पाणी घट्ट होत गेलं. ते जिवंत जंतूंनी केलं, की अँटिबायोटिक संपल्याने, की मी उपाशी राहायचं सोडलं म्हणून, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. कळलं फक्त एवढंच, की उकळलेल्यांनी काही केलं नव्हतं. पण ते पुढचं.

त्या दुपारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले, साध्या सुती साडीत. रसाचं गुऱ्हाळ दिसताच मी तोंड फिरवलं, ते तिने बघितलं. उरणची गाडी लागेपर्यंत ती मासळीच्या भावाबद्दलच बोलत होती. लेकीचं विचारायचा मला धीर झाला नाही. गाडी लागली. ती चढली, खिडकीची जागा धरली, पदर सारखा केला. तेव्हा मात्र मी खिडकीची दांडी धरून विचारलं, "विहीणबाई, मग पोरीचं काय ठरवलंत?"

तिने वरून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सातव्यात आणून सोडते तिला. तुमीच करा बाळंतपण, आईवाचून पोरीला कोण हाय? पण एक आत्ताच सांगून ठेवते, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याला तुमी हात लावायचा नाय."