पडद्यापलीकडचा सलाम

अकरावी जबानी मी इंग्रजीत उतरवत होतो, आणि तिच्यातही ड्रायव्हर दरोडेखोरांना सलाम करत होता.

मी हैदराबादच्या कोर्टात मुतर्जिम होतो, म्हणजे भाषांतर करणारा. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. साक्षीदार मराठीत बोलो की तेलुगूत, जबानी उर्दूतच लिहिली जाई. विलीनीकरणानंतर आमच्याकडे मद्रासकडचे एक जज्जसाहेब आले. त्यांना उर्दू येत नव्हतं. त्यामुळे जुन्या फायली माझ्या टेबलावर येऊन पडल्या.

ही फाईल एका बसची होती. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात हैदराबादच्या गौलीगुड्याहून बिदरकडे निघालेली बस हत्यारबंद लोकांनी भर दुपारी अडवली. प्रवाशांना मागच्या दाराने उतरवून शेतात पालथं झोपवलं. एक तरुण उठून उभा राहिला, त्याला गोळी घातली. मग ड्रायव्हरसकट बस पळवून नेली. दोन दिवसांनी ती एका ओढ्यात सापडली. ड्रायव्हर यासीन मियाँ चौथ्या दिवशी डोकं बांधून चालत परत आला, आणि पोलिसांनी त्यालाच धरलं. तो सामील होता, त्यानेच ठरल्या जागी बस थांबवली, असा आरोप होता. खुनाचं कलम होतं. फाशीही होऊ शकत होती.

माणसं किती होती? कुणी पाच म्हणत होतं, कुणी बारा. घोडे होते, नव्हते. कपडे खाकी, काळे, साधे. ते कोण होते याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या भीतीप्रमाणे दिलं होतं. मात्र अकरापैकी नऊ जण एक गोष्ट सांगत होते : ड्रायव्हरने गाडी थांबवली, हसून सलाम केला. इतक्या विसंगतीत एवढंच जुळत होतं, म्हणून ते भक्कम वाटत होतं. मलाही.

घरी मी कचेरीतलं फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र जेवताना सुमतीला, माझ्या पत्नीला, हे सगळं सांगितलं. तिचं माहेर अंबरपेठेचं, बसने जाणं-येणं नेहमीचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण पुरुषांना ड्रायव्हर दिसतो कुठे? मध्ये आम्ही असतो ना."



त्या काळी आमच्याकडच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे जनाना असे. बायकांची बाकं, आणि त्यांच्यामागे छतापासून खालपर्यंत जाड पडदा. पुरुष पडद्यामागे. हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जबानी देणाऱ्यांना, लिहिणाऱ्या जमादाराला, मला. इतकं ठाऊक होतं की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सुमतीला जाऊन आता सात महिने झाले. तिचं ते वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. हे लिहिताना मात्र वाटतं, ते तसंच्या तसं आठवतंय असं मी तरी कशावरून म्हणावं?

मुतर्जिमाला स्वतःचं मत मांडता येत नाही. मूळ कागदात काही संदिग्ध असेल तर समासात टीप देता येते, तेवढंच. मी टीप लिहिली : 'बसमधील पडद्याची जागा व साक्षीदाराचे आसन मुळात नमूद नाही.'

आमचे सुपरिंटेंडेंट माणिकराव यांनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "अनंतराव, तुम्ही तर्जुमा करा. वकिली नक्को."

"नमूद नाही एवढंच लिहिलंय, साहेब."

"तेच म्हणतो मी. जे नाही ते कशाला लिहायचं?" असं म्हणाले खरे, पण टीप खोडली नाही.

जज्जसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मला चेंबरमध्ये बोलावलं आणि पडदा म्हणजे काय, हे विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी त्याच बनावटीची बस कोर्टाच्या आवारात आणवली.

मुख्य साक्षीदार एक वयस्क शाळामास्तर होते. त्यांच्या शब्दावर शंका घ्यावी असा माणूस नव्हता. ते आपल्या जागी, चौथ्या बाकावर बसले. पडदा सोडला. ड्रायव्हरच्या जागी चपराशी बसवला होता. मी दुभाष्या म्हणून शेजारी उभा होतो.

"गुरुजी, ड्रायव्हर दिसतो का?" साहेबांचा प्रश्न मी मराठीत विचारला.

त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, थोडे उठले.

"नाही," ते म्हणाले. मग हळूच मला, साहेबांना नव्हे : "पण मी पाहिलंय हो त्याला. त्याचे दातसुद्धा दिसतात मला. मग मी ते कुठून पाहिलं?"

याचं भाषांतर कसं करायचं ते मला सुचेना. शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. गावच्या पारावर वर्षभर जी गोष्ट सांगितली गेली, ती या सरळ माणसाच्या डोळ्यांत दातांसकट जाऊन बसली होती. मंदिरात गेल्यावर वाटतं तसलं काहीतरी मला त्या जुन्या बसमध्ये वाटलं.

जनान्यातल्या बायकांची जबानी कुणी घेतलीच नव्हती. त्यांनी काही पाहिलं नाही, असं कारण फाईलवर होतं. दोघींचा पत्ता लागला. एक बिदरची मराठी सुईण, एक तेलुगू म्हातारी. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. वेगवेगळं विचारलं, तर दोघींनी एकच क्रम सांगितला. आधी काच फुटली. मग ड्रायव्हर कण्हला. मग ब्रेक लागला. मग तो ओरडला, "अंदर जनाना है, गोली नक्को चलाओ." म्हातारीला उर्दू येत नव्हतं. तिने ते शब्द अर्थ न कळता, जसेच्या तसे, दीड वर्ष जपून ठेवले होते.

यासीन मियाँ सुटला. बस पळवणारे कोण, हे कधीच कळलं नाही. फाईल बंद झाली.

त्यानंतर मी नोकरीत होतो तोवर प्रत्येक तर्जुम्याच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवत गेलो : साक्षीदार कुठे होता. बहुतेक वेळा तिच्यापुढे 'नमूद नाही' असंच लिहावं लागलं.