टेबलापलीकडचा दुभाषी

बोलणं संपलं की तो उजवा हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "बस, इतना ही कहा है."

म्हणजे त्याचे साहेब जेवढं बोलले तेवढंच त्याने सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. तुम्ही तो हात पाहिला असता तर तुम्हालाही तो माणूस आवडला असता. सगळ्यांनाच आवडायचा. मी मात्र त्याच्यावर जळायचो. आधीच सांगून टाकतो, मागाहून लपवाछपवी नको.

मी आपल्या फौजेचा दुभाषी, तो पाहुण्या फौजेचा. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही. नोकरीत लागलेली सवय. हिवाळ्यात झाशीबाहेरच्या रेंजवर दोन्ही फौजांचा एकत्र सराव व्हायचा. कागदावर आम्ही मित्रराष्ट्रं. पहिल्या दिवशी साहेब लोक एकमेकांना मिठ्या मारायचे आणि लगेच आपापले नकाशे झाकून ठेवायचे. पाहुणे पिण्याचं पाणीसुद्धा घरून आणायचे. त्यांनी भेट दिलेली चॉकलेटं आमच्या साहेबांनी तपासणीला पाठवली. ती तपासणीतच संपली.

वायरलेसचं तर विचारूच नका. आपला सेट दुसऱ्याच्या सेटला जोडू द्यायला कोणीच तयार नव्हतं. मग एक तोड निघाली. एका तंबूत लांब टेबल; अलीकडे आमचा सेट, पलीकडे त्यांचा. त्यांच्या कमांडरचा निरोप तो हेडफोनवर ऐकणार, त्याच्या साहेबांची मान हलली की हिंदीत सांगणार, मग आमच्या साहेबांची मान हलणार आणि आमचा ऑपरेटर त्या दिवसाचा कोड जोडून रणगाड्यांना कळवणार. आमचा निरोप असाच उलट जायचा, माझ्या तोंडून त्यांच्या भाषेत.

कोडशिवाय आलेला हुकूम मानायचा नाही, हा पक्का नियम. एकदा ऑपरेटर जरा बाहेर गेला होता आणि जेवण उशिरा येतंय एवढंच कळवायचं होतं, म्हणून मी हँडसेट उचलला. तिकडे रणगाड्यावर आमचे रिसालदार साहेब, रोज सकाळी मला रामराम घालणारे. म्हणाले, "कोड बोलिए, पंडितजी." डाळभाताला कोड! मी गुमान हँडसेट खाली ठेवला.

त्याची गोष्टच वेगळी. हिंदी तो आपल्या देशात शिकून आला होता, पण आमचा ऑपरेटर जवळच्याच एरच गावचा, त्याच्याकडून त्याने बघता बघता इथली बुंदेली बोली उचलली. सकाळी चहाच्या पातेल्यापाशी उभा राहून विचारायचा, "काए भैया, रोटी खा लई?" जवान हसून हसून बेजार. रिसालदार साहेब त्याला आपल्या बरणीतलं घरचं लोणचं काढून द्यायचे. मी त्यांची भाषा शिकण्यात उमेदीची वर्षं घातली, पण त्यांच्या एकाही जवानाने माझ्याकडे कधी काडीपेटीसुद्धा मागितली नाही.

सुट्टीच्या दिवशी त्याला शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दाखवायचं आणि वर नजरही ठेवायची. मानिक चौकात मी त्याला आमच्या नेहमीच्या कापडवाल्याकडे नेलं. माझ्या आजोबांपासून आमच्या घरचं कापड तिथून येतं. याने आईसाठी शाल बघता बघता मालकाशी बुंदेलीत अशा गप्पा मारल्या की मालक गल्ल्यावरून उठला, शेजारी जागा करून त्याला बसवलं, चहा मागवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पंडितजी, आप भी लेंगे?"

मी उभ्यानेच घेतला.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती झाशीजवळच्या गुरसरायच्या मराठी घरातली; आमच्याकडे बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

"अहो, रहने दो ना," ती म्हणाली. "पाहुणा माणूस, चार दिवसांनी जाईल. इतकं काय जळायचं?"

"मी कुठे जळतोय?"

"मग जेवताना परत तीच गोष्ट कशाला?"

शेवटच्या दिवशी खरे तोफगोळे वापरायचे होते. आधी पाहुण्यांच्या तोफा नाल्यावर मारा करणार. मारा संपल्याचा निरोप त्यांच्याकडून आला की आमचे रणगाडे नाल्यात उतरणार. सह्या झाल्या, हस्तांदोलनं झाली. पण पाहुण्यांनी एक जादा फैर राखून ठेवली होती, बघायला आलेल्या वरिष्ठांवर छाप पाडायला. ती त्यांनी आम्हाला सांगितली नाही. आणि त्यांच्या आधी आपण दिसावं म्हणून आमच्या साहेबांनी ठरवलं होतं, तोफा थांबल्या की निरोपाची वाट बघायची नाही, निघायचं. तेही त्यांना कोणी सांगितलं नाही.

तोफा थांबल्या. आमचा ऑपरेटर म्हणाला, "साहब, अपने टैंक नाले पर पहुँच गए. उतर रहे हैं."

समोर तो ताडकन उठला. एका कानाच्या हेडफोनमधून त्याने जादा फैरीचा हुकूम ऐकला होता आणि मोकळ्या कानाने आमच्या ऑपरेटरचं वाक्य. तंबूत दोन्ही ऐकणारा तो एकटाच. नियमाने त्याने आधी त्याच्या साहेबांकडे बघायला हवं होतं. तो टेबलावर आडवा झाला, आमच्या ऑपरेटरच्या हातातून हँडसेट ओढला आणि ओरडला, "रुको भैया! नाले में मत उतरना, रुक जाओ!"

कोड नाही, काही नाही. त्यात परक्या फौजेचा माणूस. रणगाडे काठावर थांबले. गोळे रिकाम्या नाल्यात पडले आणि आमच्या तंबूची कनात थरथरली.

नंतर रिसालदार साहेबांना मी विचारलं, कोड का नाही मागितला? ते म्हणाले, "आवाज़ पहचान ली थी, पंडितजी. उस आदमी से कौन कोड माँगे?"

आवाज तर ते माझाही ओळखत होते.

तुम्हाला वाटेल, त्याला हार घातले असतील. दुपारी त्याच तंबूत चौकशी बसली. आमच्या साहेबांचं म्हणणं, परक्याने आमच्या सेटला हात लावलाच कसा? त्याच्या साहेबांचं म्हणणं, परवानगीशिवाय याने आमच्या तोफांची बातमी बाहेर दिली. दोन्ही बाजूंचं इतकं एकमत मी त्या तंबूत पहिल्यांदाच पाहिलं. आणि दुभाषी तोच असल्यामुळे त्याच्या साहेबांचं बोलणं त्यालाच हिंदीत सांगावं लागलं.

तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "साहब कहते हैं, यह आदमी भरोसे के लायक नहीं है." मग हात टेबलावर पालथा ठेवला. "बस, इतना ही कहा है."

एक शब्द त्याने मऊ केला नाही. मला ते सहन होईना. मी उठून म्हणालो, "साहब, हैंडसेट मैंने दिया था इनको."

त्याची नोकरी वाचावी म्हणून म्हणालो, हे खरं. पण रणगाडे थांबवण्यात थोडा हात माझाही असावा ही हावही त्यात होती, हेही तितकंच खरं. ऑपरेटर खाली मान घालून बसला. पाहुण्या दुभाष्याने माझं वाक्य आपल्या साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मग पालथा हात उचलला आणि साहेबांनी न सांगितलेलं त्या चौकशीत पहिल्यांदाच बोलला.

"नहीं. पंडितजी ने नहीं दिया. मैंने खुद लिया."

माझी नोकरी राहिली. त्याला त्याच संध्याकाळी गाडीत बसवून दिल्लीला नेलं, तिथून घरी. मला निरोपही घेऊ दिला नाही. हँडसेट दिल्याचा तेवढा वाटासुद्धा त्याने मला दिला नाही, म्हणून मी घरी येऊन चिडलो, आणि चिडता चिडता रडलो. बायकोने त्या दिवशी नुसतं पाणी आणून दिलं.

यंदा पाहुण्यांचा नवा दुभाषी आला. चांगला आहे, चहा आपल्या तंबूत एकटा पितो. रिसालदार साहेबांनी लोणच्याची बरणी आणली होती, ती झाकण न उघडता परत नेली. मला म्हणाले, "आपके वो भाईसाहब नहीं आए?" इतके दिवस तो सगळ्यांचा होता, माझा म्हणून कोणी पहिल्यांदाच विचारलं.

मागच्या प्रकारानंतर नियमही नवा झाला आहे. अडीअडचणीला मीच थेट हँडसेटवर बोलायचं. सरावात एकदा तशी वेळ आली. मी हँडसेट उचलला आणि जितक्या जोरात येईल तितक्या जोरात म्हणालो, "रुको भैया! रुक जाओ!"

मग रिसालदार साहेबांचा आवाज आला.

"कोड बोलिए, पंडितजी."

मी कोड सांगितला. मग रणगाडे थांबले.