रामदासची न फुटलेली तार

अमरावतीहून मला आलेली ती पहिलीच साधी तार. कुणीही वाचावी अशी. रामदास वानखडे गेल्याचं तारवाल्याला माझ्याआधी कळलं, आणि दुःखाआधी मला संतापच आला... आमची तार तिसऱ्याला कळायची नाही, यावरच तर आम्ही उभे राहिलो होतो.

रामदास माझा भागीदार. तो अमरावतीचा कापसाचा भाव तारेने कळवायचा, मी अकोल्यात सौदा करायचो. पण तारघरातून फुटून भाव माझ्याआधी एका बड्या शेठच्या गादीवर पोचू लागला. धंदा बुडायच्या बेताला आला, तेव्हा रामदासने आठ खाचांची लाकडी पाटी केली. मजकुराचे आठ-आठ अक्षरांचे तुकडे पाडायचे, शेजारचं अक्षर धरून प्रत्येक अक्षर किल्लीप्रमाणे, म्हणजे आम्हा दोघांनाच ठाऊक असलेल्या आकड्यांप्रमाणे, बदलायचं, मग जागा फिरवायच्या, आणि हेच पुन्हा पुन्हा. एक अक्षर हललं की अख्खा तुकडा पालटायचा. तीच किल्ली उलटी चालवून मी तार उलगडायचो. किल्ली दर आठवड्याला नवी, दोघांच्या मधल्या मूर्तिजापूर स्टेशनवर चहा पिताना, तोंडी. शेवटचा तुकडा अपुरा राहिला तर त्यात तो मला टोमणा भरायचा, दर वेळी वेगळा. "तेच ते भरलं तं चोराले धागा सापडते," म्हणायचा.

शेठ भर बाजारात म्हणाला, "असल्या पोरखेळाले कोन भेते?" मी भडकलो. मूर्तिजापूरला रामदास म्हणाला, "चिडून काहून राहिला भाऊ? त्याले समदी पद्धत सांगून टाक."

"येडा झाला काय तू? दुकान जाईन!"

"पद्धत गेली तं जाऊ दे. किल्ली आपल्यापाशी हाये ना!"

मी शेठच्या गादीवर जाऊन पाटीसकट सगळं समजावलं. तार फुटली तर अकोला सोडतो, म्हणालो. शेठने हुशार माणसं बसवली. हंगाम संपला, एक तार फुटली नाही! शेवटी शेठच माझ्या दुकानाची पायरी चढला. "माझाही माल तुमीच विका," म्हणाला.

तरी शोकसभेत एक दलाल बोललाच, की ही युक्ती मुंबईच्या पेढीची. वऱ्हाडातल्या माणसाला कुठून सुचणार? म्हणून हे लिहिलं. ती रामदासची होती, पहिल्या खाचेपासून.

त्याची शेवटची तार न उलगडता राहिली होती. परवा पाटी घेऊन बसलो. भाव शिळा झालेला... तो नेमका तुकड्याच्या शेवटाला संपत होता, काही भरायची गरजच नव्हती. तरी रामदासने एक तुकडा जास्तीचा टाकला होता: चहा पाज आता भाऊ.

साऱ्या वऱ्हाडात तो वाचू शकणारा आता मी एकटाच.