सात सेकंदांचा पिवळा फ्रॉक

काका कला केंद्रात कामाला लागले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक कलाकृती दुरुस्त करून टाकली. पहिल्या दालनात बारा जुने टीव्ही एकावर एक रचून ठेवले होते आणि मधल्या टीव्हीचं चित्र सारखं थरथरत होतं. काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत चित्र कसं स्वच्छ, स्थिर करून दिलं. दुसऱ्या दिवशी तो कलावंत आला आणि डोकं धरून खालीच बसला. ती थरथर जमवायला त्याला चार महिने लागले होते म्हणे. केंद्र चालवणाऱ्या मॅडमना हसावं की रडावं कळेना. शेवटी दालनाच्या दारावर खास काकांसाठी चिठ्ठी लागली: ‘इथलं बिघडलेलं सगळं मुद्दाम बिघडवलेलं आहे. कृपया हात लावू नये.’

“आमचा जन्म गेला थरथर घालवण्यात,” काका म्हणाले, “आणि हे लोक ती मांडून ठेवतात!”

केंद्राची इमारत म्हणजे पूर्वीचं धाग्याच्या रिळांचं गोदाम. आता तिथे प्रोजेक्टर होते, अंधाऱ्या खोल्या होत्या, आणि एक भिंत अशी होती की समोर हात हलवला की उजेडाचे ठिपके उडायचे. शाळेची पोरं तिथून हलायला तयार नसत. खरं सांगायचं तर मोठी माणसंही हळूच इकडेतिकडे बघून हात हलवून घेत. काकांची खोली जिन्याखाली होती. महिन्यातून एका शनिवारी ‘जुन्या टेपा आणा’ असा कार्यक्रम असे. आसपासच्या गल्ल्यांतली माणसं माळ्यावरच्या व्हिडिओ टेपा पिशवीत घालून आणत. काका त्या साफ करून यंत्रात चालवत, संगणकावर उतरवून घेत आणि परत देत. सगळ्या वस्तीची लग्नं, बारशी आणि वाढदिवस त्यांच्या हाताखालून गेले होते.

दुसरा कोणी असता तर टेप लावून चहा प्यायला गेला असता. काका प्रत्येक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघत. मॅडमना वाटे, काय हा कामाचा माणूस! काका कामाचे होतेच, पण बघत ते दुसऱ्याच कारणासाठी. त्या टेपांमध्ये ते आपली मुलगी शोधत होते.

तिला सगळे भिंगरी म्हणत. जागच्या जागी गोल गोल फिरायचं तिला वेड होतं, आणि शाळेतलं नाव फक्त शाळेपुरतं होतं. काकांचं तेव्हा व्हीसीआर आणि कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा दुरुस्त झाल्यावर तपासून बघायला म्हणून त्यांनी तो रविवारी घरी आणला आणि समोर जे होतं ते टिपलं. समोर आठ वर्षांची भिंगरी होती. सत्तावीस मिनिटं ती अंगणात फिरत होती, धपकन पडत होती, उठून पुन्हा फिरत होती आणि दर खेपेला कॅमेऱ्याकडे बघून विचारत होती, “बाबा, बघितलंत ना?”

तीन महिन्यांनी तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. एकुलती एक होती.

त्यानंतर दीड वर्ष ती टेप लावायची दोघांचीही छाती झाली नाही. मग एकदा काकूंना टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली. “तुमचंच काम आहे ना हे? साफ करून आणा,” त्या म्हणाल्या. काकांनी टेप दुकानात नेली. त्या सकाळी एक गिऱ्हाईक घोड्यावर बसून आलं. यंत्रात रेकॉर्डिंग होतंय का ते आत्ताच्या आत्ता दाखवा म्हणालं. त्यासाठी काकांची एक ठरलेली टेप असे, ती आदल्या दिवशीच गुंतून तुटली होती. बोलता बोलता हाताला जी टेप लागली ती त्यांनी सरकवली, टीव्हीवर चालू होतं ते भरायला लावलं आणि बोलत राहिले. गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं आलं. ध्यानात आलं तेव्हा भिंगरीच्या जागी सबंध बातम्या भरल्या गेल्या होत्या आणि शेवटी एक बाई हातात छडी घेऊन उद्याचं हवामान सांगत होती.

टेपच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा एक बारीक तुकडा असतो. तो मोडून टाकला की त्या टेपवर पुन्हा काही भरता येत नाही. काका हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत. शंभर लोकांच्या टेपांचे तुकडे त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने मोडून दिले होते. घरच्या टेपचा तुकडा मात्र शाबूत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी टेप काकूंच्या हातात दिली. “केली साफ,” एवढंच म्हणाले. काकूंनी ती मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. “बघवणार नाही मला इतक्यात. पण आहे ना, तेवढं पुरे,” त्या म्हणाल्या. हे ऐकूनही ज्याची जीभ उचलली नाही, त्या माणसाला मी भ्याडच म्हणेन. काका स्वतःला याहून वाईट शब्द वापरत.

पुढे काही वर्षांनी काकूंना टेप बघावीशी वाटू लागली. तेव्हा काकांनी घरच्या प्लेअरमधला रबरी पट्टा काढून खिशात घातला आणि सांगितलं, “पट्टा तुटलाय. हा मिळत नाही हल्ली.” साऱ्या गावाचे प्लेअर ठीक करणाऱ्या माणसाच्या घरचा प्लेअर सव्वीस वर्षं बंद! काकूंनी कधी संशय घेतला नाही. हेच काकांना सगळ्यात जास्त खात असे.

त्यांचा हिशेब साधा होता. वस्तीत तेव्हा कॅमेरे आले होते. कोणाच्या तरी वाढदिवसाला भिंगरी गेली असेल, कोणाच्या तरी टेपच्या कोपऱ्यात ती असेल. तीन वर्षं ते लोकांच्या समारंभांत तिला शोधत होते आणि ती कुठेच नव्हती.

मग केंद्राने प्रदर्शन ठरवलं, ‘आमच्या गल्लीच्या टेपा’. मॅडम उत्साहाच्या भरात थेट काकांच्या घरी आमंत्रण द्यायला गेल्या. “काकू, उद्घाटनाला यायचं हं. काकांमुळे तर हे सगळं उभं राहिलंय. चार जुनी यंत्रं आहेत त्यांच्या खोलीत आणि चारही टकाटक चालतात.”

“चार?” काकूंनी विचारलं. मॅडम गेल्यावर त्या काकांकडे वळल्या. “अहो, मग आपली टेप का नाही लावत तिकडे?”

“अगं, पुन्हा बुरशी धरली असणार तिला. जपून करायला हवं,” काकांनी वेळ मारून नेली. “प्रदर्शनात लावतो. तिथेच बघ.”

आता हातात पंधरा दिवस होते. तेवढ्यात भिंगरी सापडली नाही तर काकूंसमोर खरं बोलायची पाळी होती. काका सकाळी आठला येऊन बसू लागले. डबा तसाच घरी परत जाई.

नवव्या दिवशी चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंची टेप लावली. त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता. पोरांचा गोंगाट, फुगे, आणि मागे खिडकीपाशी पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी गोल फिरत होती. फ्रॉकला खिसा होता निळ्या चौकड्यांचा. काका उठून उभे राहिले. तो खिसा त्यांच्या स्वतःच्या जुन्या शर्टाचा होता. कापड कमी पडलं म्हणून काकूंनी बाहीचा तुकडा लावला होता. असा फ्रॉक जगात एकच होता.

मुलगी फिरली, केस तोंडावर आले, आणि चेहरा दिसणार तेवढ्यात एक लठ्ठ गृहस्थ मध्ये येऊन उभे राहिले. पुरते सात सेकंद होते. काकांनी ते चाळीस वेळा बघितले आणि लहान मुलासारखे रडले.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती. त्या तारखेला भिंगरी जाऊन दोन वर्षं उलटली होती. काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. कॅमेऱ्यातलं घड्याळ कोणी लावत नाही, हे त्यांना पाठ होतं. वस्तीतल्या एका बाईंचं लग्न तारखेप्रमाणे त्यांच्या जन्माआधी झालं होतं. “तारखेवर जायचं नाही, माणसावर जायचं,” असं ते शनिवारी येणाऱ्या सगळ्यांना सांगत.

मॅडमनी आतली छोटी खोली दिली. ते सात सेकंद भिंतीवर पुन्हा पुन्हा, जरा सावकाश दिसत राहतील अशी सोय झाली. खाली पाटी लागली: ‘भिंगरी, वय आठ’. ती काकांनी स्वतः चिकटवली. काकूंना काय सांगायचं तेही त्यांनी घोकून ठेवलं. आपली टेप बुरशीने खाल्ली, पण हे बघ, दुसऱ्यांच्या टेपमध्ये सापडली आपली पोर.

उद्घाटनाच्या दुपारी काकू नवं नेसून, मोठी पिशवी घेऊन आल्या. काकांनी त्यांना गर्दीतून थेट त्या खोलीत नेलं. भिंतीवर पिवळा फ्रॉक फिरत होता. काकूंनी तोंडावर हात घेतला. काका त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फ्रॉक तीनदा फिरला, चारदा फिरला. काकूंनी हात खाली घेतला.

“ही आपली नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या.

“अगं, खिसा बघ! माझा शर्ट!”

“खिसा तुमचाच आहे. फ्रॉकही तिचाच आहे. पण ही चष्मेवाल्यांची भाची. सुट्टीत यायची. तिला दिला मी फ्रॉक, झालर शिवून दिला.” काकूंनी भिंतीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “तारीख तरी बघायचीत. बरोबर आहे ती. त्याच उन्हाळ्यात दिला.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही देऊ दिला नसता. आणि घरात सारखा समोर यायचा तो. मला सहन होईना.”

आपली मुलगी कशी फिरायची हेही आपल्याला आठवत नाही, आपण फक्त कापड ओळखलं, हे काकांना त्या क्षणी कळलं. ते कळून माणूस उभा कसा राहतो, मला माहीत नाही. ते राहिले.

“आधी ते नाव काढा,” काकू म्हणाल्या. “ती पोरगी चांगली जिवंत आहे, लेकुरवाळी आहे. तिच्याखाली आपल्या भिंगरीचं नाव नको.”

काकांनी वाकून नखाने पाटी सोडवली. चांगली घट्ट बसली होती, दोन तुकड्यांत निघाली. त्यांनी ते तुकडे खिशात ठेवले.

“वाईट नका वाटून घेऊ. होतं असं. चेहरा तरी कुठे दिसतोय तिचा,” काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं. आत टेप होती. “आता ही लावा. बुरशीबिरशी काही नाही, मी सकाळीच बघितलं. आज मला बघायचीच आहे.”

जिन्याखालच्या खोलीत काकांनी काकूंना आपल्या खुर्चीत बसवलं. घोकलेलं एक वाक्य त्यांच्याकडे अजून होतं, यंत्र बिघडल्याचं. ते बोलवेना. खरं होतं तेही बोलवेना. त्यांनी टेप आत सरकवली.

बातम्या सुरू झाल्या.

“हे काय?” काकूंनी विचारलं. “आधीचं काहीतरी असेल,” त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. “पुढे असेल ती.”

पिशवी मांडीवर घेऊन त्या बघत राहिल्या. पूल, सभा, खेळाचे निकाल झाले. “पुढे असेल,” त्या पुन्हा म्हणाल्या, जरा हळू. मग छडीवाली बाई आली. उद्या आकाश ढगाळ राहील म्हणाली. त्यानंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. काकूंनी त्याही बघितल्या, थेट टेप संपून यंत्र आपोआप थांबेपर्यंत.

“माझ्या हातून गेली,” काका म्हणाले. “दुकानात. मी भरलं त्याच्यावर.”

“कधी?”

“तू साफ करायला दिलीस ना, त्याच दिवशी.”

काकू मनाशी महिने मोजत होत्या, ओठ हलत होते. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, मॅडमचं भाषण संपलं असावं.

“म्हणजे फ्रॉक द्यायच्या आधी,” त्या म्हणाल्या.

“हो.”

काकूंनी रिकामं फडकं मांडीवर पसरलं, हाताने सारखं केलं आणि चारदा घडी घातली.

“टेप आहे, म्हणून दिला हो मी तो फ्रॉक.”