इंजिन बंद पडायची जागा

पाचूबंदरच्या समुद्रात एक जागा होती, तिथं होड्यांची इंजिनं फार बंद पडायची. बाबा मासेमारीहून आले की हमखास सांगायचे, आज अमक्याचं बंद पडलं होतं, आज तमक्याचं. कधी त्यांचं स्वतःचंही पडायचं. मग घरी येताना ते बरं सुरळीत चालायचं? मी विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय? गप जेव." मी कसली गप बसते.

होडीतून किनाऱ्याकडे बघताना चर्चचा मनोरा तुंगारेश्वरच्या शिखराखाली आला आणि किल्ल्याचा तट दिसेनासा झाला, की खाली पाण्यात एक खडक होता. त्यावर महागडा घोळ मासा मिळायचा. ही खूण आजोबांनी फक्त बाबांना दिली होती. बाबांना मुलगा नाही, म्हणून त्यांनी ती मला दिली, आणि वर कुणाला न सांगण्याची आईची शपथ घातली.

मी नोकरीला लागले त्या सुमाराला समुद्रात वाऱ्यावर वीज करायची म्हणून मोजणीवाले आले. आधी वारा मोजायला एक खांब रोवायचा होता. त्याच्या आसपास होड्यांना मनाई. एक बाई मोठा नकाशा घेऊन मच्छीमार सोसायटीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मासेमारीच्या जागा दाखवा. तेवढ्या आम्ही सोडू."

एकेक जण उठून पेन्सिलीनं गोल काढू लागला. बाबांनीही काढला, पार भलतीकडे. मी कोपर मारलं. "दाखवली की गेली," ते पुटपुटले.

शेवटी नकाशाभर गोल झाले आणि मध्ये एकच तुकडा कोरा राहिला. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "इथं कुणीच जात नाही ना? मग खांब इथंच लावू."

मनोरा, शिखर, तट. आमचाच खडक. मान वर केली, तर सगळेच एकमेकांची तोंडं बघत होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खडक सगळ्यांनाच ठाऊक होता, आणि तिथं असताना दुसरी होडी दिसली की जो तो इंजिन बंद करून बिघाडाचं सोंग घेत होता. मला हसू आवरेना, आणि रागही आला. खडक हातचा चालला होता, तरी जो तो आपलं गुपित धरून बसला होता.

बाबा उठले. "बाई, तिथं मी जातो. माझा बापूस पन जायचा."

"माझा पन," मागून कुणीतरी म्हणालं. मग तिसरा, चौथा. बाईंनी तिथं सगळ्यांत मोठा गोल काढला.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "खडक वाचला." मग हातातला घास खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"पन तुला देन्यासारखं माझ्याकडं तेवढं गुपितच होतं गो."