दाराची जाळी

डेस हॅरिगनला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. उभा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेला. आता पाठ कामातून गेली तरी हात वळवळायचेच. बर्क गावाच्या पलीकडच्या त्या ओसाड माळावर गाडी ज्याची त्यानेच दुरुस्त करायची असते. पण डेसचा खाक्या असा, की आधी पाना उचलायचा आणि मग बिघाड शोधायचा.

त्या दुपारी त्याची जुनी स्टेशन वॅगन बॉनेट वासून अंगणात उभी होती. जरा वेग घेतला की इंजिन तापायचं, काटा लाल रेघेला भिडायचा. आणि उद्या सकाळी बायकोला, मर्लला, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दूर डबो शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्याने जेमतेम अंधुक दिसायचं. वर्षभर वाट पाहून मिळालेली तारीख हुकली, तर दुसराही हातचा जाणार होता.

डेसने इंजिन तापलं की पाणी सोडणारा थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला. झडप व्यवस्थित उघडली. रेडिएटरचं झाकण बदललं, नळी बदलली, पंख्याचा पट्टा ताणला. रस्त्यावर चक्कर मारून आला. काटा पुन्हा वरच! आता राहिला पाण्याचा पंप. तो उचकटला की नवं पॅकिंग हवं, आणि ते घरात नव्हतं. तरी त्याने पाना लावलाच.

"डेस, चहा निवतोय!" मर्ल स्वयंपाकघरातून ओरडली. "माशांनी संपवायच्या आत ये!"

"दार लावून घे की!"

"या उन्हात? भाजून मारतोस का मला? दाराला जाळी होती, बाबा. टोळधाडीच्या साली तूच फाडून नेलीस. 'गाडीच्या तोंडाला लावतो, आठवड्यात नवी आणतो.' तुझा आठवडा काही उजाडला नाही!"

"डोकं नको खाऊस, मर्ल, इथे पंप..." तो बोलता बोलता थांबला. "कशाला लावतो म्हणालो होतो?"

तो गुडघ्यांवर बसला. गाडीच्या पुढच्या लोखंडी पट्ट्यांमागे बोटं घातली. टोळ रेडिएटरमध्ये शिरू नयेत म्हणून त्यानेच तारेने आवळलेली जाळी तिथे होती. टोळांचे पाय, गवताची कुसळं आणि चिखल यांनी ती भिंतीसारखी लिंपली होती. वाऱ्याला आत शिरायला फट नव्हती. डेसला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. पंपाचे आणखी दोन बोल्ट निघाले असते, आणि गाडी अंगणातच बसली असती.

जाळी काढून, पंपाचे सैल केलेले बोल्ट पुन्हा आवळून तो लांब चक्कर मारून आला. काटा मध्यावरून हलला नाही. येताच त्याने जाळी धुतली आणि हातोडी घेऊन दाराशी उभा राहिला.

"राहू दे रे ते," मर्ल म्हणाली. "बस इथे."

"पण माशा..."

"मला त्या नुसत्या ऐकू येतात. दिसायला लागल्या की सांगेन. मग ठोक."

डेस बसला. त्याचे हात वळवळतच होते. मर्लने ते टेबलावर चाचपून शोधले आणि धरून ठेवले.