गवताचा वानवळा

जनावरं पाळणाऱ्यांना चांगला चारा कसा पिकवायचा ते सांगत मोटारसायकलवर हिंडायचं, हे माझं काम. बायको म्हणते, "दारातली तुळस जगत नाही तुमच्या हातून, आणि निघाले गावं हिरवी करायला." तुळस खरंच जगत नाही.

चांदवडच्या पुढे एका मावशींच्या विहिरीजवळ मी नेपिअर गवत लावून घेतलं. कांद्याची एक पट्टी त्यांनी नवऱ्याशी भांडून मोकळी केली होती. लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि म्हैसही त्याच सुमारास व्यायची होती. "माझ्या लेकीला पिशवीचं दूध नाय पाजायचं मला," मावशी म्हणाल्या. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते. तोवर एवढं गवत राखलं तर म्हैस पोटभर खाऊन व्यायणार होती.

गवत आलं. इतकं, की आत शिरलो तर माझी टोपी दिसेना. जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी उगवलं होतं, मी चेकाळलोच. जीपभर शेतकरी बघायला आणले, भाषण ठोकलं. भाषण संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "बाई, दोन ठोंबं दे की लावायला."

मावशी विळा घेऊन उठल्या.

"मावशी, म्हशीचं काय?" मी हळूच म्हणालो.

"तुम्हीच आणली ना माणसं? मंग रिकाम्या हातानं धाडू? मेथीचा वानवळा देते, कांद्याचा देते, तसा हा."

मग रीघच लागली. व्याही आले, नणंदेच्या गावचे आले. कुणी कांड्या तोडून नेल्या, कुणी मुळासकट ठोंबं. "आता कुणाला देऊ नका," असं मी बजावून आलो. त्यांनी मान डोलावली आणि निघताना माझ्याच पिशवीत एक जुडी कोंबली. "वहिनींना लावू द्या." नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

बायकोनं ती घरामागे लावली आणि मला हात लावू दिला नाही. म्हणून जगली.

वैशाखात तेवढं गवत कापून गोणीतून घेऊन गेलो. वाटेत दोन-तीन मळ्यांत नेपिअर डुलत होतं. मावशींच्या पट्टीत नुसते खड्डे, आणि विहीर कोरडी. म्हैस कडब्यावर कशीबशी व्यायली होती; दूध रेडकालाच पुरत नव्हतं. लेक बाळाला घेऊन ओसरीवर बसलेली.

"त्या मळ्यांतून चार भारे मागून आणू का?"

"वानवळा कुणी माघारी मागतं का, भाऊ?"

मी गोणी म्हशीपुढे रिकामी केली. मावशींनी चहा आणला. कप ओठाला लावेपर्यंत म्हशीचं आटोपलं होतं, आणि ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणखी असेल म्हणून.

"गोड मानून घ्या," मावशी म्हणाल्या. "पिशवी आणलीय, पण लेकीपुरतीच हाय."

चहा कोरा होता. मी तो फुंकर मारत, होईल तेवढा वेळ लावून प्यायलो. म्हशीकडे बघायचं टाळत.